एका युनिटमागे

विजेच्या वेगवेगळ्या स्रोतांची तुलना करणारं पुस्तक पावसला बसून लिहायचं, याचं काही जणांना नवल वाटलं. पावस म्हटलं की स्वामी स्वरूपानंदांचा मठ डोळ्यांपुढे येतो, गौतमी नदी येते, एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीच्या रस्त्याला लागलेल्या हापूसच्या गाड्या येतात. वीजनिर्मितीचा या गावाशी काय संबंध?

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घ्या. पावसहून उत्तरेला जयगड, तिथे कोळशावर चालणारा 1200 मेगावॅटचा प्रकल्प. त्याहून वर, वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलला वायूवरचा प्रकल्प. त्याचं नाव बदलून वीस वर्षं झाली, तरी लोक त्याला एन्रॉनच म्हणतात. चिपळूणजवळ पोफळी आणि अलोरे, सह्याद्रीच्या पोटात कोरलेली कोयनेची वीजघरं. धरण सातारा जिल्ह्यात असलं तरी वीज तयार होते ती आपल्या जिल्ह्यात. दक्षिणेला पूर्णगड, कशेळी, आडिवरे, नाटे असं किनाऱ्यानं गेलं की माडबनचा सडा लागतो. तिथे जैतापूरचा 9900 मेगावॅटचा अणुप्रकल्प उभा करायचं ठरलेलं आहे. गावाच्या शेजारी रनपारला फिनोलेक्सचा कारखाना आहे आणि त्या कारखान्याचा स्वतःचा कोळशावरचा वीजसंच आहे. 1986 साली देशात पवनचक्क्यांचे पहिलेवहिले समूह उभे राहिले ते तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे, गुजरातेत ओख्याला आणि इकडे रत्नागिरीला, एकेक चक्की 55 किलोवॅटची. राहता राहिलं ऊन, ते कातळावर बारा महिन्यांतले आठ महिने तापतंच आहे.

पाणी, कोळसा, वायू, अणू, वारा आणि ऊन, या सगळ्यांचा अनुभव किंवा निदान वाद तरी ज्याच्या अंगणात होऊन गेला, असा दुसरा जिल्हा महाराष्ट्रात नाही. तुलना करायचीच तर इथूनच करावी, असं मला वाटतं.

अशी तुलना बहुतेक वेळा एका तक्त्यात उरकली जाते. डाव्या बाजूला स्रोतांची नावं, मग युनिटचा दर, मग कार्बनचं प्रमाण. तसे तक्ते या पुस्तकातही आहेत. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं 2014 साली दिलेले मध्यम आकडे सांगायचे तर खाणीपासून राखेपर्यंतचा सगळा हिशेब धरून कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे 820 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, वायूच्या युनिटमागे 490, सौर प्रकल्पाच्या युनिटमागे 48, जलविद्युतच्या 24, अणुविजेच्या 12 आणि वाऱ्याच्या 11. हे आकडे मोलाचे आहेत. कोळशाची बाजू मांडणाऱ्यानं ते टाळू नयेत. पण एवढ्यावर निकाल लावायचा तर जैतापूरच्या मच्छीमाराचं म्हणणं ऐकून घ्यायची गरजच उरत नाही, आणि एन्रॉननं महाराष्ट्राची तिजोरी का पोखरली हेही कळत नाही. वीज कोणत्या ऋतूत येते, दिवसाच्या कोणत्या घटकेला येते, ती घेतली नाही तरी पैसे मोजावे लागतात का, आणि ती कोणाच्या जमिनीवरून, कोणाच्या पाण्यातून येते, हे तक्त्यात मावत नाही. पुस्तकाची बहुतेक पानं त्यासाठी खर्ची पडली आहेत.

आधी एक घोळ दूर करायला हवा. वर्तमानपत्रांत प्रकल्पाची बातमी येते ती मेगावॅटमध्ये आणि घरी बिल येतं ते युनिटांत. मेगावॅट म्हणजे यंत्राची ताकद, युनिट म्हणजे त्या ताकदीनं प्रत्यक्षात केलेलं काम. एक मेगावॅटचं यंत्र तासभर पूर्ण ताकदीनं चाललं की हजार युनिटं होतात, आणि बंद राहिलं तर शून्य. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता 1960 मेगावॅट, जयगडची 1200. कागदावर कोयना कितीतरी मोठी दिसते. पण कृष्णा पाणीवाटप लवादानं कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. तेवढ्या पाण्यात वर्षाकाठी साधारण तीनशे कोटी युनिटं निघतात. जयगडचा प्रकल्प सत्तर टक्के क्षमतेनं चालला तरी सातशे कोटींच्या वर जातो. तेव्हा कोणी नुसत्या मेगावॅटांवरून मोठेपणा सांगू लागला की त्याला विचारावं, वर्षाला युनिटं किती?

मग कोयना कमी प्रतीची म्हणायची का? मुळीच नाही. तिचं मोल वेगळ्या जागी आहे. कोळशाचा बॉयलर थंड पडला की पुन्हा तापवून पूर्ण ताकदीवर आणायला तासन्‌ तास लागतात. कोयनेची झडप उघडली की काही मिनिटांत शेकडो मेगावॅट ग्रिडवर येतात. संध्याकाळी सगळा महाराष्ट्र एकदम दिवे, पंखे, पंप चालू करतो, तेव्हा कामी येते ती कोयना. म्हणून तिचं पाणी चोवीस तास न वाहवता नेमक्या घटकेला वापरतात. 1960 च्या दशकात कोयनेची वीज मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना मिळाली आणि महाराष्ट्राची उद्योगधंद्यातली आघाडी त्या पाण्यावर उभी राहिली. 13 मार्च 1999 ला जलाशयाच्या तळाला खालून छेद देऊन चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेतलं. आपल्या अभियंत्यांनी केलेल्या फार मोठ्या कामांपैकी ते एक. चौथ्या टप्प्यातले 250 मेगावॅटचे चार संच डोंगराच्या आत बसवलेले आहेत.

एका युनिटला पाणी किती लागतं, याचा हिशेब मी विज्ञानाच्या तासाला मुलांकडून करून घेत असे. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांत पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं. त्या उंचीवरून साडेआठशे ते नऊशे लिटर पाणी आलं की एक युनिट होतं. महिन्याला 120 युनिटं जाळणारं घर धरलं, तर लाखभर लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. फळ्यावर हे उत्तर आलं की वर्गात कुजबुज सुरू होई, कारण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांमधली मुलं त्या वर्गात असत. तेच पाणी पुढे कोळकेवाडीला अडवून अलोऱ्याला पुन्हा एकदा वापरतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. तिथून ते चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला. कृष्णेच्या खोऱ्यात पडलेला पाऊस असा अरबी समुद्राला मिळतो. सांगली-सोलापूरकडच्या दुष्काळी तालुक्यांनी या पाण्याकडे बोट दाखवलं तर त्यांना दोष देता येत नाही. कोयनेच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांतली माणसं कुठे कुठे पांगली आणि त्यांच्या नातवंडांना जमिनीच्या कागदांसाठी अजून मोर्चे काढावे लागतात, हेही त्या स्वच्छ विजेच्या हिशेबात धरायला हवं. मुळशीला 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे उभे राहिले. विजेसाठी जमीन घेताना विचारायचे प्रश्न तेव्हाच विचारून झाले होते. शंभर वर्षांनी आपण तेच विचारतो आहोत.

कोळशाकडे येतो. जयगडचा प्रकल्प 2010-11 मध्ये सुरू झाला. पूर्ण क्षमतेनं चालला तर दिवसाला दहा हजार टनांहून जास्त कोळसा जाळावा लागतो. हा कोळसा बोटीनं येतो. किनाऱ्यावर प्रकल्प घालण्याचं कारण तेच, शिवाय थंड करायला समुद्राचं पाणी आहे. तयार झालेली वीज 400 किलोव्होल्टच्या तारांनी घाट चढून कोयना नि कऱ्हाडच्या दिशेनं जाते. आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या त्या तारांमधून आपल्या वाडीचा दिवा लागत नाही, याचा लोकांना राग येतो. तो समजण्यासारखा आहे, पण ग्रिड तसंच चालतं. सगळी वीज एका तळ्यात पडते आणि तिथून वाटली जाते.

बागायतदारांची भीती वेगळी होती. मोहोर धरायच्या दिवसांत धूर आणि राख पानांवर बसली तर? हा वाद 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. मी याबद्दल दोन्ही बाजूंचं जमेल तेवढं वाचलं आहे. माझं मत असं की हापूसच्या सगळ्या दुखण्यांचं खापर कोळशावर फोडता येत नाही. फुलकिडे, लांबलेला पाऊस, उशिरानं पडणारी थंडी, मार्चमधल्या उष्णतेच्या लाटा, यांचा वाटा मोठा आहे. पण यातली कितीतरी संकटं बदलत्या हवेमुळे आली आहेत आणि हवा बदलते आहे ती जगभर जळणाऱ्या कोळशामुळे. धुराचा कण कलमावर बसतो की नाही, यावर वाद होऊ शकतो. त्या धुरानं मोहोराचा हंगाम सरकतो आहे, यावर नाही. ज्या किनाऱ्याची रोजीरोटी आंबा, काजू आणि मासळी आहे, त्या किनाऱ्यावर यापुढे कोळशाचा एकही नवा प्रकल्प येऊ नये असं माझं ठाम म्हणणं आहे, आणि ते मी पुस्तकात कुठेही लपवलेलं नाही.

कोळशाचा दुसरा पैलू घरच्या बिलात दिसतो. महावितरणचं बिल हातात घ्या आणि खालच्या रकमेकडे जाण्याआधी मधले रकाने वाचा. स्थिर आकार, म्हणजे एकही युनिट जाळलं नाही तरी द्यायचे पैसे. वीज आकार, म्हणजे युनिटांचे. वहन आकार, म्हणजे तारांनी वीज दारापर्यंत आणल्याचे. त्यानंतर इंधन समायोजन आकार. हा रकाना कधी शून्य असतो, कधी भरघोस. 2022 साली युक्रेनचं युद्ध पेटलं, जगभर कोळसा नि वायू महाग झाले आणि इंधनाच्या त्या महागाईचा भार वीजग्राहकांवर आला. पाण्याला, वाऱ्याला, उन्हाला हा रकाना नसतो. त्यांचा सगळा खर्च सुरुवातीलाच होतो, पुढे पंचवीस वर्षांत युद्ध होवो की दुष्काळ, उन्हाचा भाव वाढत नाही. स्रोतांची तुलना करताना हा फरक फार कमी लोक सांगतात. मला तो दरापेक्षाही मोठा वाटतो.

एन्रॉनवर या पुस्तकात सर्वांत मोठं प्रकरण आहे. ते लांबलं, कारण त्यातून शिकण्यासारखं फार आहे. वायू हे तसं चांगलं इंधन. कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन, राख नाही, संच लवकर चालू-बंद होतो. अंजनवेलची यंत्रंही उत्तम होती. बिघडला होता तो करार. 1992 मध्ये बोलणी, 1993 च्या डिसेंबरात करार, 1995 मध्ये तो रद्द, 1996 मध्ये नव्यानं करार, 1999 च्या मे महिन्यात 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू, तोही वायूऐवजी नाफ्थ्यावर. करारात अट अशी की प्रकल्प वीज द्यायला तयार आहे एवढ्यावर राज्य विद्युत मंडळानं ठरलेली रक्कम मोजायची, वीज उचलली की नाही हा प्रश्नच नाही. भाड्याची गाडी दारात उभी आहे, तुम्ही बसा किंवा बसू नका, मीटर चालूच. त्यात रक्कम डॉलरशी बांधलेली आणि नाफ्था महागलेला. पुढे काही महिन्यांत युनिट सात रुपयांच्या वर गेलं. राज्य विद्युत मंडळाला ते झेपणं शक्यच नव्हतं. 2001 च्या मे महिन्यात मंडळानं वीज घेणं थांबवलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत निघाली.

हे होणार, असं आधी सांगणारी माणसं होती. पुण्याच्या 'प्रयास'मधल्या गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करार सुरू होण्याच्या काळातच त्याची आकडेमोड करून मांडली होती. गुहागर तालुक्यातल्या माणसांनी आकडेमोड न करताही ते ओळखलं होतं. 1997 साली वेलदूरच्या मच्छीमार बायकांवर पोलिसांनी काय केलं, ते ह्यूमन राइट्स वॉचच्या 1999 च्या अहवालात नोंदलेलं आहे. ज्यांना हा विषय नुसता अर्थशास्त्राचा वाटतो त्यांनी तो अहवाल वाचावा. 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावानं प्रकल्प पुन्हा उभा केला, तर आता वायूच पुरेना. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि 2013 मध्ये संच थंडावले, दोन वर्षांनी रेल्वेला वीज देण्यासाठी त्यातले काही पुन्हा फिरले. द्रवरूप वायू उतरवायला धक्का होता, पण लाटा अडवणारा बांध बरीच वर्षं अपुरा राहिल्यामुळे पावसाळ्यात बोट लागत नसे. ज्या चार महिन्यांत कोकणातलं ऊन बसतं, नेमक्या त्याच चार महिन्यांत वायूचा धक्का बंद. आराखडा आखताना आपल्या मान्सूनची ओळख नसली की काय होतं, ते इथे दिसतं.

अणुविजेबद्दल लिहिताना मला सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागली, कारण आमच्याकडे या विषयावर घराघरांत दोन तट आहेत. तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते, म्हणजे महाराष्ट्राला ती नवी नाही. कार्बन अगदी कमी, पाऊस असो की रात्र असो सारखी चालणारी, जागा त्या मानानं थोडी. हे सगळं खरं आहे आणि ते अणुविजेच्या विरोधकांनीही मान्य करायला हवं. पण जैतापूरला जी अणुभट्टी आणायचं ठरलं, 1650 मेगावॅटची फ्रेंच बनावटीची, तिचा तिच्या मायदेशातला इतिहास पाहा. फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिलला असल्या पहिल्या भट्टीचं काम 2007 मध्ये सुरू झालं आणि ग्रिडला वीज मिळाली ती 2024 च्या डिसेंबरात. सतरा वर्षं, आणि खर्च मूळ अंदाजाच्या चौपट. अशा सहा भट्ट्या माडबनला उभ्या राहायच्या आहेत. प्राथमिक करार 2010 च्या डिसेंबरात झाला. 2011 च्या मार्चमध्ये जपानात फुकुशिमा घडलं, एप्रिलमध्ये प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर इतकी वर्षं उलटली.

साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा प्रश्न साधा आहे. भट्टी थंड करून समुद्रात सोडलेलं पाणी काही अंशांनी गरम असणार, आणि किनाऱ्याजवळची मासळी त्यामुळे कुठे जाईल? याला मोठ्या व्यासपीठांवरून उत्तरं मिळाली, जेटीवर येऊन, त्यांच्या भाषेत, त्यांच्या हंगामाचा अंदाज घेऊन कमी मिळाली. अणुविजेला माझा तत्त्वतः विरोध नाही. मात्र जो प्रकल्प उभा राहायला दोन दशकं लागू शकतात, त्याच्या आशेवर दुसरी कामं थांबवणं मला पटत नाही. यापुढचं सविस्तर पुस्तकात आहे.

वाऱ्याचं प्रकरण लहान आहे, कारण किनाऱ्यावर पवनचक्क्यांचा विस्तार व्हायचा तसा झाला नाही. तो सह्याद्रीच्या माथ्यावर झाला, साताऱ्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे वारा जून ते ऑगस्टात सुटतो, म्हणजे ऊन जातं तेव्हा. हे दोन स्रोत एकमेकांचे स्पर्धक म्हणून तक्त्यात वरखाली लिहिले जातात. मान्सूनच्या मुलखात ते जोडीदार आहेत.

आता ऊन. पावसच्या वाचकाला प्रत्यक्ष काही करता येण्यासारखा हा एकच स्रोत, म्हणून इथे थोडं थांबतो. एक किलोवॅटच्या पॅनेलांना साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिटं मिळतात. तीन किलोवॅट बसवले की मध्यम घराचं भागतं. 2024 च्या फेब्रुवारीत आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. मोठ्या सौर प्रकल्पांचे दर तर इतके उतरले की 2020 च्या डिसेंबरात गुजरातेतल्या एका लिलावात युनिट दोन रुपयांच्या खाली गेलं.

पण ते आकडे गुजरातचे. कोकणात जुलैचं आभाळ आठवडाभर उघडत नाही आणि चारऐवजी दीड-दोन युनिटांवर समाधान मानावं लागतं. खारी हवा लोखंडी सांगाड्याला दोन-तीन पावसाळ्यांत गंज चढवते, म्हणून इथे ॲल्युमिनियम किंवा नीट जस्त चढवलेलं सामान घ्यावं. कौलारू घराच्या वाशांना पॅनेलांचं ओझं आणि वादळाचा उचका, दोन्ही सोसणार आहेत का, हे सुताराला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि एक गोष्ट बसवणारे बहुतेक आधी सांगत नाहीत: ग्रिडला जोडलेली साधी सौरयंत्रणा लाइट गेली की स्वतःही बंद पडते. बाहेर लख्ख ऊन, छतावर पॅनेलं, घरात अंधार. यात दोष यंत्राचा नाही. खांबावर चढलेल्या वायरमनला वाटावं लाइन मेलेली आहे आणि आपल्या छतावरून तिच्यात वीज यावी, असं होऊ नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. लाइट गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीची जोड असलेली यंत्रणा वेगळी घ्यावी लागते, आणि ती महाग पडते.

तरीही माझा कौल उन्हाला आहे, आणि त्याचं कारण इथल्या हंगामात सापडेल. आमच्या भागातले कॅनिंगचे कारखाने एप्रिल-मे महिन्यांत रात्रंदिवस चालतात. रस काढणारी यंत्रं, डबे बंद करणारी यंत्रं, शीतगृहं, पाण्याचे पंप, या सगळ्यांचा भार त्या दोन महिन्यांत शिगेला जातो. कलमांच्या नव्या लागवडीला पाणी घालायचं तेही उन्हाळ्यात. वर्षातलं सर्वांत कडक ऊनही तेव्हाच. मागणी आणि पुरवठा इतके जुळलेले असताना कारखान्यांची पत्र्याची मोठमोठी छपरं रिकामी तापत राहावीत, हे मला बघवत नाही. पाऊस सुरू झाला की कारखाने बंद आणि पॅनेलंही मंद, ही जोडीसुद्धा जमलेली. जे आंब्याला लागू तेच काजू प्रक्रियेला बऱ्याच अंशी लागू आहे.

स्रोतांची एवढी चर्चा केली, पण पावसमध्ये अंधार होतो तो बहुतेक वेळा निर्मिती कमी पडल्यामुळे होत नाही. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. झाडं पडली, खांब वाकले, तारा तुटल्या, कितीतरी वाड्या दिवसेंदिवस अंधारात राहिल्या. त्या दिवसांतही राज्यात वीज तयार होतच होती. वायरमन भर पावसात, खाली चिखल आणि वर आडव्या पडलेल्या फणसाच्या फांद्या अशा अवस्थेत, एकेक खांब उभा करत गावोगाव पोचले. या पुस्तकात त्यांच्यासाठी एक प्रकरण राखलं आहे, कारण तुलनेच्या कुठल्याही ग्रंथात ते नसतं. किनारी गावांत तारा जमिनीखालून नेणं महाग आहे. पण दर काही वर्षांनी नवे खांब घालण्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांत शीतगृहात सडलेला माल यांची बेरीज कोणी मांडलेली माझ्या पाहण्यात नाही. मी ती माझ्या परीनं मांडायचा प्रयत्न केला आहे.

शेवटचं प्रकरण साठवणुकीचं. दुपारचं ऊन रात्रीला कसं पुरवायचं, यावर आता सगळा भर आहे. घाटघरला 2008 पासून 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प चालतो. जास्तीच्या विजेनं खालचं पाणी वर चढवायचं, गरजेच्या वेळी ते पुन्हा खाली सोडायचं. असे आणखी कितीतरी प्रकल्प आता सह्याद्रीत योजले जात आहेत. सौर विजेसाठी साठवण हवीच, याबद्दल माझं दुमत नाही. मात्र नवी धरणं आणि नवी वनजमीन यांच्याकडे जाण्याआधी कोयनेचं पाणी उन्हाच्या घटकांत जास्तीत जास्त वाचवून रात्रीसाठी ठेवता येईल का, याचा हिशेब आधी व्हावा. तिथे धरण बांधून झालेलं आहे, माणसं उठवून झालेली आहेत, बोगदे खोदून झालेले आहेत. त्या हिशेबाची माझी मांडणी परिशिष्टात दिली आहे. जाणकारांनी ती तपासावी आणि जिथे चुकेल तिथे खोडावी.

पावस, अक्षय्य तृतीया